कॅनबद्दल लिहू नको म्हणालीस

मावशी, तू गेलीस त्या सकाळी मी पहिलं काय केलं सांगू? तुझ्या नितेशला फोन लावायच्या आधी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तुझा व्हिडिओ उघडून बघितला. आहे की गेला. होता. लिहायला लाज वाटते, पण दोन महिन्यांची सवय होती. रोज उठलं की आधी ते बघायचं. तू मोरीतून विचारायचीस, "हाय?" मी म्हणायचे, "आहे." मग तू म्हणायचीस, "असू दे, चहा टाक."

त्या दिवशी विचारणारं कोणी नव्हतं, तरी मी बघितलं.

पाड्यातले लोक म्हणतात, हिराबायला व्हिडिओने मारलं. डॉक्टर म्हणाले, साखर जुनी होती, प्रेशर जुनं होतं. मला त्यातलं काही कळत नाही. मी आठवी सोडलेली बाई. मला एवढंच कळतं की तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात माशांची पाटी लावणारी तू, शेवटचे दोन महिने दुपारी घरात बसून भिंतीकडे बघायचीस. आणि बाजाराच्या वेळेला आपोआप उठून उभी राहायचीस. उभी राहिल्यावर आठवायचं, मग परत बसायचीस.

मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात तुझ्या माळ्यावर भाड्याने राहायला आले तेव्हा मला समुद्र दाखवायलासुद्धा कोणी नव्हतं. किनवटकडच्या गावातून एका कंत्राटदाराबरोबर साकीनाक्याच्या गाळ्यात आले होते, हात धुवायच्या साबणाच्या बाटल्या भरायला. पहिल्या दिवशी तू माझी पिशवी हातात घेतलीस, वजन बघितलंस आणि म्हणालीस, "एवढाच संसार? मासे खातंस का?"

मी म्हणाले, "नदीचे खाते."

"नदीचे म्हणजे चिखल गो! बस इथं."

आणि ओला बोंबील माझ्या ताटात पडला. मला तो गिळवेना. तू हसून हसून खोकायला लागलीस. पुढे मीच तुझ्याकडून बोंबील साफ करायला शिकले आणि गावाकडे गेले की आईला सांगायचे, तुमच्या नदीच्या माशांना चव नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार दिवस पाड्यात सांगत फिरली असतीस.

बाबांचा फोन आठवतो तुला? माझं लग्न ठरवलं म्हणून, ये म्हणून. मी रडत होते, तर तू माझ्या हातातून फोन घेतलास. "मी हिरा बोलतंय, वेसाव्यावरनं. तुमची पोर कामाला जाते, येते, जेवते, झोपते. तिला लग्न नको हाय. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही करा." बाबा म्हणाले, "बरं जी." आमच्या बाबांना 'बरं जी' म्हणायला लावणारी बाई मी दुसरी बघितली नाही. आज माझ्या हातात माझी नोकरी आहे, माझा फोन आहे, माझं नाव मी मला पाहिजे तिथे लिहू शकते, ते त्या एका फोनमुळे. याच्या बदल्यात मी तुला काय देणार होते? म्हणून तो कॅन दिला.

आता ते लिहिते. तू लिहू नको म्हणाली होतीस.

तुझी बादली फुटली होती. बर्फाचं पाणी बाजारात नेशील कशात? आमच्या गाळ्यात साबणाचा कच्चा माल निळ्या कॅनमधून येतो. रिकामे कॅन शेठ भंगारवाल्याला देतो, कामगारांनी न्यायचे नाहीत असा नियम आहे. मी एक नेला. ओढणीखाली धरून मेट्रोत बसले, वेसाव्याला उतरेपर्यंत घाम फुटला होता. तू तो चार दिवस धुतलास, सोडा घालून, चिंच घालून, उन्हात पालथा घालून. "साबणाचाच होता ना गो?" तू विचारलंस. "साबणाचाच," मी म्हणाले. कॅनवर एक स्टिकर होतं, इंग्रजी अक्षरं आणि लाल चौकटीत एक खूण. ते मी नखाने खरवडलं, अर्धं निघालं, अर्धं निघेना. तू म्हणालीस, "राहू दे, रंगीत बरा दिसतोय."

असे कॅन आणि असली पिंपं अर्ध्या अंधेरीच्या घरात पाण्याला आहेत. कोणी स्टिकरं वाचत बसत नाही.

मग तो मुलगा आला. मोबाईलला काठी लावलेला, बाजारात फिरून व्हिडिओ करणारा. तू कॅनमधलं पाणी पापलेटांवर मारत होतीस. त्याने विचारलं, "मावशी, हे काय ओतता?" आणि तू, जी प्रत्येक गिऱ्हाइकाची टिंगल केल्याशिवाय एक मासा विकत नव्हतीस, म्हणालीस, "औषध ओततंय! मेलेला मासा जिवंत होतो. तू पण घे थोडा, तोंडावर मार, गोरा होशील." आणि हसलीस.

त्याने तुझं पुढचं वाक्य कापलं. तुझं हसणं ठेवलं. 'औषध ओततंय' ठेवलं. आणि कॅनवरचं स्टिकर इतकं मोठं करून दाखवलं की ती लाल खूण पूर्ण फोन भरून दिसते. वर लिहिलं, मुंबईकर बघा काय खाताय.

तिसऱ्या दिवशी तुझ्या पाटीसमोर कोणी थांबेना. आठवड्यात बाजारातल्या बाकीच्या बायका तुला म्हणाल्या, "हिराबाय, थोडे दिवस नको येव. आमच्याकडं पण येत नाय कोण." त्यांचं चुकलं असं तू कधी म्हणाली नाहीस. मला वाटत होतं, महापालिकेचा कोणी तरी माणूस येईल, पाणी तपासेल, कागद देईल की यात काही नाही. कोणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

नितेश मात्र आला. त्याच्या मालाडच्या ऑफिसात कोणीतरी त्यालाच तो व्हिडिओ पाठवला होता, ही त्याची आई आहे हे माहीत नसताना. तो दारातूनच बोलायला लागला. "कुठून आणलास तो कॅन?"

तू म्हणालीस, "भंगारवाल्याकडनं घेतला."

"भंगारातल्या कॅनमधलं पाणी तू लोकांच्या खायच्या वस्तूवर मारतेस? अक्कल गहाण ठेवलीस का आई?"

"ठेवली," तू म्हणालीस.

मी चुलीपाशी भाकरी भाजत होते. मी भाकरी उलटली. नितेश बोलला ते सगळं तू ऐकून घेतलंस आणि त्यानंतर तुझ्या मुलाने तुझ्याशी धड बोलणं टाकलं. रविवारचा फोन दोन मिनिटांचा झाला. तो ठेवल्यावर तू मला म्हणायचीस, "कामात असतो गो तो."

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मी सांगते त्याला. तू मला गप्प केलंस. "तुझा शेठ तुला काढील. मना कोण काढणार? मी मालकीण माझ्या पाटीची." तेव्हा तुझी पाटी उठून आठ दिवस झाले होते, मावशी.

पोलीस स्टेशनला आपण गेलो ते आठवलं की अजून मला हसू येतं आणि मग वाईट वाटतं. हवालदाराने व्हिडिओ दोनदा लावून बघितला. "मावशी, हे तुम्हीच बोलताय ना, औषध म्हणून?"

"मस्करीत बोलली."

"मस्करीला कलम नाय. ऑनलाइन तक्रार करा. आमच्या हातात काय नाय आता, सगळं तिकडं."

"तिकडं म्हणजे कुठं?" तू विचारलंस. त्याने वर हात केला, छताकडे. तू छताकडे बघितलंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "वर पंखा होता फक्त."

तिकडे कुठे ते मी शोधलं. आधी व्हिडिओखालचं तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं, आम्ही तपासलं, आमच्या नियमांविरुद्ध काही सापडलं नाही. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सापडलं की सरकारचा कायदा आहे. अशा प्रत्येक कंपनीने भारतात एक तक्रार अधिकारी ठेवायचा. त्याने पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल द्यायचा. तो पटला नाही तर तीस दिवसांत सरकारने नेमलेल्या समितीकडे अपील करायचं. मी ते नियम फोनवर मराठीत करून वाचले. एक एक ओळ तीनतीनदा वाचली. शाळेत असताना इतकं मन लावून वाचलं असतं तर आज कुठे असते. मला इतका आनंद झाला होता की मी गाळ्यातून तुला फोन केला, "मावशी, कायदा आहे!" जणू तो मीच केला होता.

संध्याकाळी तुला वाचून दाखवला. त्यात कंपनीला मध्यस्थ म्हटलंय. तू म्हणालीस, "मध्यस्थ लग्न जमवतो. ह्यो तर मोडतोय." मग विचारलंस, "आणि त्या पोऱ्याला काय नाय?" मी म्हणाले, त्याचं नंतर, आधी व्हिडिओ काढू. "मना त्याला काय करायचं नाय," तू म्हणालीस. "त्याने येऊन फक्त पुढचं वाक्य लावावं. गोरा होशील वालं. ते चांगलं होतं."

पहिली तक्रार दोन दिवसांत परत आली. लिंक नाही म्हणून. मी व्हिडिओच जोडला होता, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला. त्यांना तो कुठे कुठे लावलाय त्याचा पत्ता पाहिजे होता, आणि तोपर्यंत तो पन्नास जागी लागलेला. कोणी गाणं टाकून, कोणी तुझ्या तोंडाला मिशा काढून. मी एकटी कुठे कुठे शोधणार?

म्हणून मी ती चूक केली. पाड्यातल्या बायकांना सांगितलं, शोधा आणि लिंक पाठवा. मला वाटलं चारपाच जणी करतील. पण हिराबायचं काम म्हटल्यावर सगळा पाडा आला. हळदीला जमतात तशा जमल्या. दुपारी अंगणात, जाळी बाजूला सारून, तीस एक बायका मांडीवर फोन घेऊन बसल्या. मंगलने, तुझ्या शेजारी पाटी लावणारीने, सगळ्यांना चहा केला. बायका व्हिडिओ शोधत होत्या, पूर्ण बघत होत्या, आणि खाली लिहीत होत्या. खोटं आहे. आमची हिराबाय देवमाणूस आहे. तुझ्या आईला विचार. काही जणींनी तर असं लिहिलं की ते मी तुला वाचून दाखवलं नाही. प्रत्येकीने आपल्या माहेरच्यांना पाठवला, तुम्ही पण लिहा म्हणून. खारदांड्याला गेला, मढला गेला, उरणला गेला.

तू खुर्चीवर बसून सगळ्यांना बघत होतीस. खूश होतीस. म्हणालीस, "एवढ्या तर माझ्या लग्नाला नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ ज्यांना कधी दिसला नव्हता त्यांनाही दिसायला लागला. माझ्या गाळ्यातल्या पोरींना दिसला. किनवटला माझ्या भावाला दिसला. कंपनीच्या मशीनला काय कळणार की या बायका भांडायला आल्यात? त्याला एवढंच कळलं की खूप लोक बघतात, खूप लोक लिहितात, म्हणजे हे सगळ्यांना दाखवा. आम्ही सगळ्या जणींनी मिळून ढकलला तो. मी सांगितलं म्हणून.

मी तुझ्या पायाशी बसून हे कबूल केलं तेव्हा तू बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून होतीस. मग म्हणालीस, "बायका आल्या ना पण." एवढंच. मी त्यावर भांडायला पाहिजे होतं तुझ्याशी. तू मला एकदा तरी रागवायला पाहिजे होतंस मावशी. तू रागवत नाहीस म्हणून मी घाबरायचे, की एके दिवशी सगळं एकदम काढशील. आता तर तेही नाही.

लिंका मात्र मिळाल्या. दुसरी तक्रार केली. पंधरा दिवस मोजत होतो. त्याच दिवसांत एका मोठ्या माणसाचा काहीतरी व्हिडिओ दुपारी आला आणि दिवेलागणीपर्यंत गायब झाला. टीव्हीवर सांगत होते, सरकारने आदेश दिला, लगेच काढला. तू टीव्हीकडे बोट करून म्हणालीस, "म्हणजे निघतो."

"निघतो."

"मग कायदा हाय तर. फक्त वेसाव्याला यायला त्याला बस मिळत नाय."

आपलं उत्तर चौदाव्या दिवशी आलं. व्हिडिओतील व्यक्ती स्वतःच्या आवाजात बोलत आहे. नियमांचा भंग आढळला नाही. बेकायदेशीर वाटत असल्यास न्यायालयाचा आदेश सादर करावा. खाली कोणाची सही नव्हती. तू विचारलंस, "कोण हाय तो अधिकारी? बाई की बाप्या?" मला माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "आवाज तरी ऐकायला पायजे होता. मी त्याला समजावलं असतं." तू खरंच समजावलं असतंस. बाजारात तुझ्याशी भांडायला आलेला माणूस जाताना किलोभर कोळंबी घेऊन जायचा.

राहिलं अपील. तीस दिवस. आणि त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही.

अपिलात पुरावा द्यायला पाहिजे होता. पुरावा एकच होता. कॅन कुठला, त्यात काय होतं, कोणी आणला. माझ्या गाळ्याचं नाव, माझं नाव. त्या स्टिकरवरचा नंबर आणि गाळ्यातल्या मालाचा नंबर एकच आहे, मी फोटो काढून ठेवला होता. मी म्हणायचे, लिहू. तू म्हणायचीस, नाय. मी म्हणायचे, त्याशिवाय अपिलाला अर्थ नाही. तू म्हणायचीस, "मग नको करू. मी साठीची झाली. मना आता बाजार काय करायचाय? तू सव्वीसची हायस. तुला काढली तर परत किनवटला जाशील आणि तुझा बाप तुला उजवून टाकील."

आणि मावशी, आज खरं लिहिते. तू नाही म्हणायचीस तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटायचं. मी भांडायचे ते तू ऐकणार नाहीस याची खात्री होती म्हणून भांडायचे. तू एकदा जरी "लिव" म्हणाली असतीस तर मला ताप भरला असता. तुला हे कळलं होतं का? तुला मासा हातात घेतला की कळायचं किती वेळापूर्वीचा आहे. माझं कळलं नसेल असं कसं म्हणू?

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या संध्याकाळी तू चांगली बोलत होतीस. "अपील टाकलं?"

"नाही. काय लिहू ते सांग."

"कॅनचं लिवू नको."

"मग लिहू काय मावशी?"

"लिव, बाई चांगली होती."

"होती काय, होती? वेडी आहेस का?"

"बरं मग, हाय लिव." आणि तू डोळे मिटून हसलीस. मला वाटलं झोपलीस. मी पांघरूण नीट केलं आणि डबा धुवायला गेले.

तुझं बारावं झालं तेव्हा अपिलाला चार दिवस उरले होते. घरात भांडी मोजणं, चटया परत करणं चालू होतं आणि मी मनात दिवस मोजत होते. रविवारी सुट्टी होती. सकाळी आंघोळ करून माळ्यावर बसले आणि फॉर्म भरला. सगळं लिहिलं. तो निळा कॅन मी आणला. साबणाचा होता. मी अमुक गाळ्यात काम करते, माझं नाव हे. शेवटचं बटण दाबलं. तर म्हणे, तुमच्या मोबाईलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते टाका.

तुझ्या मोबाईलवर. सगळी तक्रार तुझ्या नंबरवरून होती ना. दर वेळी ते आकडे आले की तू चष्मा लावून, फोन हातभर लांब धरून, लिलावात ओरडतात तशी ओरडायचीस, "चाऽर! नऊ! परत नऊ!" आणि मी लिहून घ्यायचे. आता तुझा फोन बोरिवलीला नितेशकडे.

म्हणजे नितेशला सांगायला पाहिजे होतं. फोन मागायचा तर कशासाठी ते सांगायचं, आणि कशासाठी ते सांगायचं तर कॅन.

मी दुपारी गेले. त्याच्या बायकोने पाणी दिलं. नितेशने दाढी केली नव्हती. मी अपिलाचं सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला? गेली ती. सोड ना." मी म्हणाले, उद्या शेवटचा दिवस आहे. मग म्हणाले, "कॅन मी आणला होता. भंगारवाल्याने नाही. माझ्या गाळ्यातून."

नितेशने विचारलं,

"आईला माहीत होतं?"

"हो."

"मग मला भंगारवाला का सांगितलं तिने?"

त्याचं त्यालाच कळत गेलं, मला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मी तिला काय काय बोललो ते तू ऐकलंस ना?"

"हो."

"तू तिथेच होतीस. भाकऱ्या करत होतीस."

"हो."

आत कुकरची शिट्टी झाली. त्याच्या बायकोने जाऊन गॅस बारीक केला आणि ती परत बाहेर आली नाही. नितेश म्हणाला, "नंबर मी शनिवारी बंद केला. बँकेचं झालं, म्हणून." मग म्हणाला, "आता मला सांगून काय?" चिडून नाही म्हणाला. खरंच विचारत होता. मी चप्पल घातली तेव्हा तो खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभा होता.

सोमवारी माझ्या नंबरवरून प्रयत्न केला. तक्रार करणाऱ्याचं नाव जुळत नाही म्हणून आलं. संध्याकाळपर्यंत पाचसहा वेळा केला. मंगळवारी ते पान उघडलं तर अपिलाचं बटणच फिकं झालं होतं. दाबलं तरी काही होत नव्हतं.

शेठला अजून सांगितलेलं नाही, हेही लिहिते. सांगेन असं वाटतं. वाटतं तेवढं मी करते असं नाही, तुला माहीत आहे.

पण मी ठरवलं, निदान तोंडाने सांगायचं. त्याला ना लिंक लागते ना आकडे. व्हिडिओखाली लिहायची सोय नाही, लिहिलं की तो आणखी वर जातो. म्हणून काल अर्धा दिवस सुट्टी टाकून तुझ्या बाजारात गेले. तुझ्या जागेवर मंगलने आपली पाटी जरा पसरून लावलीय, अगदी पूर्ण नाही, तुझी थोडी जागा सोडून. तिला सांगितलं. तिने ऐकलं, मासा कापता कापता म्हणाली, "मग आधी का नाय बोललीस गो," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ते गिऱ्हाईक म्हणजे पार्ल्याच्या त्या चष्मेवाल्या बाई. ज्यांच्यासाठी तू बोंबील वेगळे काढून ठेवायचीस आणि ज्या व्हिडिओनंतर एकदाही तुझ्याकडे थांबल्या नाहीत. तू म्हणायचीस, बाकीचे जाऊ दे, त्या बाईंनी विचारायला पाहिजे होतं. मी त्यांना थांबवलं. सगळं सांगितलं. कॅन साबणाचा होता, मी आणला होता, मावशी मस्करी करत होती, पुढचं वाक्य कापलंय. मावशी गेली. त्या चांगल्या आहेत गं, त्यांनी माझा हात धरला. "अरेरे. गेल्या? किती हसऱ्या होत्या. आणि मी बाई, खरं सांगू का, तो व्हिडिओ बघितलाच नव्हता. आमच्या शेजारणीने सांगितलं की घेऊ नका त्यांच्याकडचे, म्हणून..." मग पिशवी खाली ठेवून त्यांनी पर्समधून फोन काढला. "काय टाकलं की येतो गं तो?"

मी म्हणाले, नका बघू.

"अगं, खोटा आहे ना? मग बघू तरी काय दाखवलंय ते," त्या म्हणाल्या आणि बोटाने लिहायला लागल्या. लगेच आला तो. इतके दिवस मी तो आवाज बंद करूनच बघायचे. बाईंना कमी ऐकू येतं, त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला. तू हसलीस, मावशी. त्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी एकदम माना वर करून बघितलं.